वैजापुरात उठाव कधी?

सर, परवा गारखेड्यात भाजीवाला म्हणाला, “मेथीला आज उठावच नाय बघा, आज्जी,” आणि मी दचकून मागं पाहिलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मी एक जुडी जास्त घेतली आणि घरी आले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तो शब्द काही माझी पाठ सोडत नाही. तुम्ही असतात तर हसला असतात, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तेव्हा निजामाचं राज्य, कॉलेजात सगळं उर्दूतून. मराठीचं म्हणावं असं आम्हा मुलांचं एकच, ते हस्तलिखित मासिक. छापायची इजाजत आम्हाला कोण देणार होतं? कागद कागजीपुऱ्याचा, हातानं केलेला, शिलाई माझ्याकडं, चित्रं ज्याला जमतील त्याची. प्रत एकच निघायची, ती घरोघर फिरून हळदीचे डाग घेऊन परत यायची. पण त्याआधी अनुक्रमणिका पोलीस कचेरीत द्यावी लागे, आणि तिथला मुन्शी ती उर्दूत उतरवायचा. त्याचं मराठी सगळं शब्दकोशातलं. अंकाखाली जबाबदार म्हणून सही तुमची. तुम्ही उर्दूचे प्रोफेसर, घरात उर्दू बोलणारे. मराठी शिकलेले दुसरे प्रोफेसर होते, पण सहीची वेळ आली की त्यांना घरची कामं आठवायची. तुम्ही म्हणायचात, “मराठी काय मला परकी हाय व्हय?”

त्या अंकात माझा लेख होता. माझ्या वडलांची, अण्णांची, वैजापूरला कापसाची आडत, आणि त्या साली कापूस नुसता पडून होता. मी मथळा दिला, ‘वैजापुरात उठाव कधी?’ मालाला गिऱ्हाईक येणं म्हणजे उठाव, आमच्याकडं पोरंसोरंही जाणतात. मुन्शीनं कोश उघडला आणि लिहिलं, ‘वैजापूर में बगावत कब?’

जवान वर्गाच्या दारात येऊन उभा राहतो. तुम्हाला पोलिसांच्या अमीनसाहेबांनी अंक घेऊन कचेरीत बोलावलंय. त्या दिवसांत कचेरीत गेलेला माणूस परत येईलच असं नसतं. तुम्ही टोपी नीट करता, मला व्हरांड्यात बोलावता. लेखाखाली माझं नाव. अण्णांच्या कानावर गेलं तर ते मला उद्याच्या उद्या घरी नेतील, कॉलेज संपलं. पण त्याहून मोठी भीती ही, की माझ्या एका शब्दापायी तुम्हाला आत टाकतील. तुम्ही हळूच विचारता, “बेटी, तुला कोणता उठाव म्हणायचा होता?” मी तोंड उघडते, तर तुम्ही हात वर करता. “नको सांगू. मला माहीतच नसलं तर खोटं बोलावं लागायचं नाय.”

तुम्ही गेलात. मी जिन्यापाशी बसून राहिले. डबा उघडला नाही. फाटकाशी टांगा वाजला की उठून पाहायचे. रामरक्षा म्हणायला घेतली तर ओळी आठवेनात. इतकी भ्याले होते, सर, की तुमच्या घरी जाऊन सांगावं हेही सुचलं नाही.

उन्हं कलल्यावर तुम्ही पायी आलात. शेरवानी घामानं चिंब. “काय नाय झालं,” म्हणालात, आणि मग सगळं सांगितलंत. अमीनसाहेबांनी कुराणावर हात ठेवायला लावला. तुम्ही खरं होतं तेवढंच बोललात, की वैजापूरच्या बाजारात या शब्दाचा अर्थ गिऱ्हाईक. वर म्हणालात, “साब, रुई भी कहीं बगावत करती क्या?” अमीनसाहेब हसले म्हणे. अंक मात्र त्यांनी ठेवून घेतला. पुन्हा हस्तलिखित काढायचं नाव कुणी काढलं नाही, आणि तुम्हीही मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आता माझी नात त्याच कॉलेजात आहे. त्यांच्या मासिकाचा इतिहास लिहायचाय, म्हणून तिला माझ्याकडून तो किस्सा हवाय. मुन्शीची फजिती म्हणून मी तो किती जणांना सांगितला असेल. लोक पोट धरून हसतात. तिलाही तसाच लिहून दिला. इथं मात्र तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून. मुन्शी अगदीच चुकला नव्हता, सर. मला दोन्ही उठाव म्हणायचे होते.

एवढं लिहिलं, आणि उठून दाराला कडी लावून आले.