आपल्या स्थळाला मागणी आली

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (दुकानात भुसा पडलाय, म्हणून तूर्त उभ्यानेच). डोळा कसा आहे? पट्टी खाजली तरी हात लावू नकोस. हे पत्र ताई वाचून दाखवणार म्हणून अक्षर जपून काढतोय. ताई, तुझी कंबर बरी आहे ना? (आत्या, हे तिला होतं.) इकडे मी खुशाल, दुकान खुशाल, आणि एक सोडून सगळ्या खुर्च्या चार पायांवर उभ्या आहेत.

ऑपरेशनसाठी ताईकडे निघताना तू दारात बजावलं होतंस की, पट्टी सुटायच्या आत आपलं संकेतस्थळ सगळ्यांना वापरता आलं पाहिजे, ज्याला दिसत नाही त्याला, ज्याला माऊस धरवत नाही त्यालासुद्धा. नाही जमलं तर आलास तशी पिशवी उचलायची. आता पिशवी उचलणं मला नवीन नाही. बोटीवरून उचलली, बेकरीतून उचलली, घड्याळांच्या कारखान्यातून तर तिसऱ्याच दिवशी (मी वेळेवर पोचत नव्हतो). पण का कोण जाणे, या वेळी ती उचलावीशी वाटेना. म्हणून कामाला लागलो.

आधी अक्षरं मोठी केली. जरा जास्तच झाली. फोनवर नुसता 'खु' मावायचा, पुढचं बघायला बोट सरकवावं लागे. एका म्हाताऱ्या शिंप्याने फोन करून विचारलं, तुम्ही खुरपी विकता की खुळखुळे? मग रंग बदलले. राखाडीवर राखाडी बटण कुणाला दिसत नव्हतं, ते मी पिवळ्यावर काळं केलं. आता ते लांबून दिसतं, पण 'पुढे रस्ता खचला आहे' अशी पाटी असावी तसं, त्यामुळे दाबायला कुणी धजेना.

मग आलं चित्रांचं काम. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन सगळं वाचून दाखवतो, पण चित्र आलं की त्याची दातखीळ बसते. म्हणून प्रत्येक चित्रामागे दोन ओळी लिहून ठेवायच्या असतात. सदतीस जुन्या खुर्च्या, सदतीस वर्णनं. एका बैठकीत लिहिली, आणि तुझ्या शिकवणीप्रमाणे खरी लिहिली. एवढंच केलं की 'खुर्ची' हा शब्द कुठेच लिहिला नाही. म्हटलं, खुर्ची तर दिसतेच आहे, ती काय लिहायची?

शनिवारी अकरा वाजता इस्त्रीचा कोट घातलेले, हातात पांढरी काठी असलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आले. बरोबर त्यांची थोरली बहीण, तिच्या हातात फुलांचा गुच्छ. हे पियानो सुरात लावून देतात (आपण त्यांना सूरवाले म्हणू). म्हणाले, "तुमचं स्थळ ऐकलं. प्रामाणिक वाटलं. चौदा नंबर मनात भरली."

मी हरखलो. कुणीतरी आपलं संकेतस्थळ ऐकलं! म्हटलं, "मग घेऊनच जा ना!"

बहिणीच्या कपाळाला आठी पडली. "घेऊनच जा? अहो, तिला विचाराल की नाही?"

"तिला काय विचारायचं? मागच्या खोलीत उलटी टांगली आहे, काढून देतो."

"आणि तिच्या घरचे?"

"घरच्यांना अडगळ झाली, म्हणून तर इकडे आणून टाकली. अशा सदतीस जणी आहेत. दोघींना तर कालच खिळे ठोकले."

गुच्छ खाली पडला. बाई पोलिसांचा नंबर शोधू लागल्या. सूरवाले मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, थांब," आणि खिशातून फोन काढून चौदा नंबर परत लावला. फोन घसा खाकरून (असं मला वाटलं) म्हणाला: "वय चाळीस. पाठ ताठ, पाय सडपातळ. पहिल्या घरी दोन पिढ्या सांभाळल्या. सध्या बसून असते. भार पडला की कुरकुरते, पण साथ सोडत नाही."

आत्या, आपलंच लिखाण परक्या तोंडून ऐकलं की घाम फुटतो. मी धावत जाऊन चौदा नंबर आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. चार पाय फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. सूरवाल्यांनी हात पुढे केला, पाठ चाचपली, हात चाचपले, आणि इतके हसले की शेवटी तिच्यावरच बसले. ती कुरकुरली. मी म्हटलं, तासाभरात काढून देतो ही कुरकुर. तर म्हणाले, "हात लावू नका. घरात कुणीतरी बोलणारं हवंय." यावर बहीण म्हणाली, "मग मी काय मुकी आहे?"

त्यांनी लगेच बिल करू दिलं नाही. माझ्या डोळ्यांवर त्यांचा रुमाल बांधला, हातात फोन दिला आणि म्हणाले, आता तुमच्याच दुकानातून खुर्ची मागवून दाखवा. फोन बोलू लागला: "बटण. बटण. बटण. चित्र. बटण." वीस मिनिटं मी स्वतःच्याच दुकानात हरवलो होतो. तुझी आठवण झाली (पट्टीमुळे). मग आम्ही दोघांनी बसून एकेका बटणाला त्याच्या कामाचं नाव दिलं, माऊसशिवाय नुसत्या कळा दाबून शेवटपर्यंत पोचता येईल असं केलं, आणि मी सदतीस वेळा 'खुर्ची' लिहिलं. बहीणबाई शुद्धलेखन तपासत होत्या. संध्याकाळी सूरवाल्यांनी कुणालाही काही न विचारता, आपल्या बोटांनी, चौदा नंबर मागवली. मी तिला गुच्छासकट पोचवून आलो.

तर तू सांगितलेलं काम झालं आहे. ताईच्या फोनवर डोळे मिटून ऐक.

तुझा (अजून तरी इथलाच)
भाचा

ता. क. ऐकशील तेव्हा 'आमच्याविषयी' हे पान मात्र नको. तिथे तुझा फोटो आहे, आणि त्याच्यामागे मी त्याच बैठकीत लिहिलं होतं: "पाठ ताठ. आवाज मोठा. कुणीही भार टाकावा, मोडत नाही. बाकीच्यांनी बाहेर काढलेल्यालाही जागा देते. विकाऊ नाही." (कोण, ते लिहायचं राहिलं. तू तर दिसतेच आहेस.) सूरवाले म्हणतात, विकाऊ नसली तर नसू दे, पण अशी खुर्ची एकदा बघायचीच. तू परत येशील तेव्हा दाखवतो म्हणालोय.

ता. क. २. ते पुसायला बसलो होतो. वाचून पाहिलं, आणि सुरुवातीला फक्त 'आत्या' हा शब्द घातला. बाकी तसंच ठेवलंय.

ता. क. ३. ताई, हे मनात वाच. आत्याने पिशवीचा विषय काढला तर सांग की पिशवीत मी खिळे भरलेत, कपडे कपाटाच्या खालच्या खणात लावलेत, आणि आता ती कुणालाच उचलवायची नाही. बरं, मोठ्यानेच वाच. आणि ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते कळव. नीट वर्णन कर, मला इथून दिसत नाही.