तिसरी पिशवी

६ ऑक्टोबर, सोमवार

आज पुन्हा टाकली. दूध आणायला निघाले — कापडी पिशवीत वर किटली, खाली ती बांधलेली पिशवी. साडेपाचला गल्लीत फक्त कुत्री असतात. मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात ठेवली आणि पुढे गेले. परत येताना तिकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या कोपऱ्याच्या भिंतीवर यांच्याच हातची पाटी आहे — ‘येथे कचरा टाकू नये’. हेडमास्तरांचं अक्षर, अजून ठसठशीत!

७ ऑक्टोबर, मंगळवार

या वहीत तरी नीट लिहावं. यांचा लघवीवर ताबा राहिलेला नाही. श्रावणापासून डायपर लागतात, दिवसाला तीन. गल्लीला सांगितलंय की दिनकरराव सरांचे गुडघे दुखतात. “बाहेर कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे.” ज्यांना बघून अख्खा वर्ग उभा राहायचा, त्यांचं हे म्हणणं मला कळतं.

पण घंटागाडीत द्यायचं कसं? गाडी आली की दारोदार बायका उभ्या असतात. गाडीवरची धुरपताबाई प्रत्येकीच्या बादल्या उघडून बघते. ओलं एका बादलीत, सुकं दुसरीत, आणि हे असलं तिसऱ्या पिशवीत, कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून — हे गल्लीला शिकवलं कुणी? मीच! अंगणवाडीची सवय, घरोघर जाऊन शिकवलं. सांगे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या. चिंध्या आणि ओला कापूस गल्लीभर. समोरचा शिवप्रसाद भडकला. दिवाळीच्या आत प्लॉट साफ करू, कॅमेरा बसवू म्हणतो. बैठक आमच्याच ओट्यावर झाली. चहा मी केला.

“लेकरू कुणाच्या घरात हाय, ते काय सांगायला पायजे का?” — शिवप्रसाद. सगळ्यांच्या माना वैष्णवीच्या दाराकडे वळल्या. ती ताडकळसची, कोपऱ्यावरच्या खोलीत भाड्याने राहते. आली तीही श्रावणातच. कडेवर पाच महिन्यांचा मुलगा.

मी कप गोळा करत राहिले.

१२ ऑक्टोबर, रविवार

आम्ही घरासाठी जागा घेतली तेव्हा इथे ज्वारी होती आणि चार घरं. आता मोजायला गेलं तर साठाच्या वर.

माहेरी, पेडगावला, उकिरडा परसातच होता. घरातलं बरंवाईट सगळं त्यात जायचं, कुणी विचारत नसे. उन्हाळ्यात त्याचंच खत शेतात पडायचं. दिवाळीला आई उकिरड्यावरही एक पणती ठेवायची. तो आमचा होता ना! इथला उकिरडा सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच नाही. त्यावर पणती नाही, नुसती पाटी.

अर्थात डायपर त्या उकिरड्यातही कुजला नसता. उगाच आईच्या आड लपू नये.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

धुरपताबाईने मला फाटकाच्या आत बाजूला घेतलं. हळूच म्हणाली, “बाई, लेकराचं न्हाई ते. मी हातानं उचलते, मला माप कळतंय. मोठ्या माणसाचं हाय.”

ती गाडीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

“माज्या सासूला बी असंच झालतं. दोन साल केलं मी. लाल खूण करून द्या. खूण असली की मी उघडून बघत नसते.”

मी हो म्हणाले नाही. शपथेचं कारण स्वतःला सांगितलं. खरं तर लाज वाटली, माझी मलाच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजही टाकली नाही. मोरीत तीन पिशव्या साठल्या आहेत. घरभर वास.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वैष्णवीला घरमालकाने खोली सोडायला सांगितलं, दिवाळीच्या आत. ती प्लॉटपाशी उभी राहून रडत होती. शिवप्रसादला काही बोलली नाही. मलाच म्हणाली, “काकू, मी तर लंगोटच वापरते. दोरीवर रोज वाळतेत, तुमी बघता की.”

मी बघते. रोज बघते. तरी म्हणाले, “बघू, चौकशी करू.” चौकशी! जीभ झडली कशी नाही?

यांच्या खाटेची खिडकी प्लॉटकडेच आहे. आत आले तर हे उठून बसलेले. “कुणाला खोली सोडायला सांगायलेत?” मग सगळं सांगितलं. कॅमेरा, वैष्णवी, पाटीखालची जागा — सगळं.

यांनी ताट तसंच परत दिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

घंटागाडी आली. मी बादल्या घेऊन निघाले तर खाट रिकामी.

हे फाटकात उभे. एका हाताने वॉकर धरलेला, दुसऱ्या हातात मोरीतली पिशवी. पेपर तपासायच्या लाल पेनने खूण स्वतःच केलेली. गल्लीतल्या सगळ्या बायका, शिवप्रसाद, दारात वैष्णवी. वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, “धुरपताबाई, हे माझं आहे. आजवर त्या कोपऱ्यात पडलं तेही माझंच.”

तिने पिशवी घेतली. उघडून बघितली नाही.