हातांनी बोललेले शब्द

४ जून
झालं! वहिनी बोलली. आमच्या प्रार्थनागृहात, बायकामुलींसमोर — लेकरांच्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर काय करायचं, यावर! मोठ्या गुरुजींची अट एकच : "घाण शब्द नकोत." डॉक्टर असून बिचारी "तिथे", "तसलं काही" यातच अडकली.

पण पहिल्या रांगेत ऐकू न येणाऱ्या बायका आणि मुली. त्यांना मी नेहमीसारखी खुणांनी सांगत होते. आता "तिथे" कसं दाखवणार? हवेत बोट केलं तर त्यांना खिडकी वाटायची! मग सरळ दाखवलं. छाती. मांड्यांच्या मधली जागा. कुणी हात लावला की झटकायचा, पळायचं, सांगायचं.

मागच्या बायका वहिनीला सोडून माझ्याकडेच बघत होत्या!

५ जून
गुरुजींनी बोलावलं. "लाज सोडलीस का?"
"गुरुजी, मी तर एक शब्दही उच्चारला नाही."
घरी येऊन सांगितलं तर वहिनी हसून हसून लोळली.

११ जून
माझ्या खुणांच्या वर्गाला आज ऐकू येणाऱ्या बायकाही आल्या! "आम्हालाही शिकव गं. तोंडाने म्हणवत नाही."

१९ जून
वर्ग संपल्यावर चिमणी थांबली. नऊ वर्षांची, ऐकू न येणाऱ्या मुलींतली सगळ्यात धाकटी. मला हलवलं आणि कोण हात लावतो ते हातांनी सांगितलं. प्रार्थनागृहाची गाडी चालवणारा. मुलींना घरी सोडणारा. सगळ्यांचा लाडका मामा!

तिची आई शेजारीच होती. एरवी मायलेकींचं खुणांनी बोलणं जेवण, शाळा, झोप एवढंच. पण या खुणा आई इथेच शिकली होती. तिला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. लेकीला कुशीत घेतलं. म्हणाली, "चला पोलिसांकडे." वहिनी वाटेतच आम्हाला येऊन मिळाली.

२० जून
गुरुजी चिमणीच्या घरी. "आपसात मिटवू. चारचौघांत अब्रू जाईल."
"त्याची जाईल, गुरुजी. माझ्या पोरीने काय केलंय?"
मी दारात उभी. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

संध्याकाळी मामाला पकडून नेलं. अजून दोन मुलींच्या आया पुढे आल्या. गुरुजी कुणालाच अडवू शकले नाहीत.

२ जुलै
आज वर्ग मोठ्या सभागृहात! बाप, आजोबा, पोरंटोरं — बसायला जागा नाही. बायकांनीच गुरुजींकडून कबूल करून घेतलं. वहिनी माइकवर एकेका अवयवाचं नाव स्वच्छ घेत होती. छत काही कोसळलं नाही! मध्येच हौसेने तिने स्वतः एक खूण केली, ती चुकली. चिमणी खुदकन हसली. उठून तिची बोटं नीट करून दिली. किती दिवसांनी हसली पोर!

गुरुजी शेवटच्या रांगेत. पूर्ण वेळ बसले.

९ जुलै
वर्ग संपला, सगळे गेले, गुरुजी उठेनात. मी जवळ गेले. मग त्यांचे हात वर आले — चुकतमाकत, आमच्याच खुणांत.
"मी पण. लहान होतो."