लिकांडोचा डोह

१४ सप्टेंबर

आज पुन्हा तेच! नामाकाऊ दारात उभी. "वहिनी, मुखियाकाकांना तू सांग ना, डोह मोकळा करा म्हणून. पोरं नुसता पिठाचा बुहोबे गिळतात, तोंडी लावायला काही नाही."

डोहात आहे तो तिचाच भाऊ. माझा नवरा. पुरात इथेच होडी उलटली, लिकांडो वर आलाच नाही. पूर ओसरला, डोह नदीपासून तुटला. बुडालेल्याला माती मिळेपर्यंत त्या पाण्यात जाळं टाकायचं नाही, भालासुद्धा मारायचा नाही. ही रीत काय मी काढली?

२० सप्टेंबर

नदीत काही उरलेलं नाही. दवाखान्याने वाटलेल्या मच्छरदाण्या एकमेकींना शिवून बायका पाणी गाळतात. नखाएवढी पिल्लं! मी नामाकाऊला म्हटलं, "डास सोडलेत आणि पिल्लं धरलीत."

"तुझ्या डोहातले मोठे दे, मग सोडते पिल्लं."



३ ऑक्टोबर

डोहावर गेले. पाणी आटत चाललंय. मोठमोठे मासे वर येऊन तोंड उघडतात. एवढे कशावर पोसले? — नको तो विचार. मासा घशाखाली उतरत नाही माझ्या, किती महिने झाले. पाण्यात काही हललं की वाटतं, आला. आज मोठ्याने हाक मारली. वेडीच मी!

१९ ऑक्टोबर

गडी जाळी घेऊन निघाले होते. काका काठी टेकत आडवे आले. "टाका खुशाल. त्याच्या केसांत जाळं अडकलं तर सोडवायला मला बोलावू नका."

सगळे मुकाट परतले. मी तिथेच काठावर बसले.

२१ ऑक्टोबर

झोप नाही.

११ नोव्हेंबर

काका अंथरुणाला खिळलेत. मला एकटीलाच आत बोलावलं.

"लिकांडो सापडला होता, पोरी. पुरातच. मी पुरला त्याला, जुन्या टेकाडावर, जिथे कुणी फिरकत नाही."

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर पाणी उतरताच डोह उपसला असता यांनी. अंडी घालायला एक मादी उरली नसती. पूर येऊन डोह नदीला मिळू दे, मग सांगणार होतो. मुखिया म्हणून बंदी घातली असती तर हसले असते मला. जिवंत माणसाचं कोण ऐकतं? मेलेल्याचं ऐकतात."

थुंकावंसं वाटलं तोंडावर. इतके महिने मी त्या पाण्याशी बोलत होते! म्हातारा रोज बघत होता मला!

१३ नोव्हेंबर

टेकाडावर जाऊन आले. झाडाखाली दगड रचलेत, वर त्याचं वल्हं.

हंबरडा फोडायचा होता. पण टेकाडावरचा हंबरडा सगळ्या सपाटीवर ऐकू जातो. ऐकला की धावत येतील, संध्याकाळपर्यंत डोह रिकामा. तोंडात नेसूच्या कापडाचा बोळा कोंबला. रडणंसुद्धा चोरून!

सांगून टाकू? त्याला दुखवटा मिळेल. नामाकाऊची पोरं पोटभर जेवतील — यंदा. आणि पुढच्या वर्षी? काकांचा राग जात नाही. पण ते चुकले असंही म्हणता येत नाही.

१८ नोव्हेंबर

नामाकाऊ आली. टोपली रिकामी, डोळे खोल गेलेले. "वहिनी, दादाचं काही कळलं?"

"काल स्वप्नात दिसला मला," मी म्हटलं. "डोहातच आहे अजून."