डायपरचा केक आणि माझी सृष्टी

२९ जानेवारी, बुधवार

खोटं बोलले. तेही धडधडीत!

शुक्रवार पेठेतून शिवम्मा म्हणून एक बाई आल्या होत्या, नातवाच्या बारशासाठी डायपर केक बघायला. एकेक डायपर गुंडाळून रबर लावलेला, असे तीन मजले, वर रिबन आणि टोपडं. त्यांनी सगळं हात लावून पाहिलं. "खायचा न्हाय व्हय हा?" मी हसले. मग त्यांनी घरभर नजर फिरवून विचारलं, "तुला किती लेकरं गं?"

मागं एका बाईनं याच प्रश्नानंतर ऑर्डर रद्द केली होती. 'बाळाची वस्तू ना, घरचे म्हणतात लेकुरवाळीच्या हातची हवी.' ते आठवलं आणि तोंडातून निघून गेलं — "एक मुलगी. सृष्टी. शाळेत गेलीय."

सृष्टी! लग्न झाल्या झाल्या मी आणि सोमशेखरनं होणाऱ्या मुलीसाठी ठरवून ठेवलेलं नाव. इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. आणि सांगितलं कशासाठी, तर केक खपवायला. शी!

३० जानेवारी

रिबन सारखी सुटतेय. सोमशेखरला सांगायचा धीर नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

केक पोचवून लगेच निघायचं ठरवलं होतं. शिवम्मांनी सोडलं नाही. "लेकुरवाळी हायस, पाळण्यापाशी ये की!" पाळण्याखालून बाळ माझ्या हातात दिलं. ऊबदार, दुधाच्या वासाचं. सोडवत नव्हतं आणि धरवतही नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात धाकटी सून दिसली. अपेक्षा. हातात चहाचा ट्रे. सगळ्या बायका पाळण्याभोवती आणि ही तिथंच उभी. शेजारची बाई कुजबुजली, "तिला अजून काही नाही ना, म्हणून लांब ठेवतात." माझी खरी जागा तिथं होती, तिच्याजवळ, कपबशा विसळत. आणि मी इथं मिरवत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बाळ पुढच्या बाईच्या हातात देऊन हसले. हसले मी!

निघताना अपेक्षानं जिन्यात गाठलं. "अक्का, तुमाला सृष्टी लगेच झाली?" "नाही, उशिरा." "दवाखाना का देव?"

"देव," म्हणाले. "सोमवार धरले होते."

कशाला बोलले? कोण विचारत होतं एवढं? जीभ का झडली नाही माझी!

११ फेब्रुवारी, मंगळवार

शिवम्मांचा फोन. केकचं तोंडभर कौतुक. मोडवत नाही म्हणून कपाटावर ठेवलाय, बाळाला आपले लंगोटच बांधतात. मग सहज म्हणाल्या, "अपेक्षानं तुझ्यासारखे सोमवार धरलेत बघ. पाण्याचा थेंब न्हाय. काल चक्कर येऊन पडली, तरी ऐकती व्हय!"

जेवण गेलं नाही. सोमशेखरला सगळं सांगून टाकलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाला, "नावसुद्धा सांगितलंस?" आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

१६ फेब्रुवारी

उद्या पुन्हा सोमवार. अपेक्षाला फोन केला, घरी ये म्हटलं. "येते की! सृष्टीला काय आवडतं?" मी फोन कट केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आली. ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. हातात डबा — उपाशीपोटी केलेल्या शेंगाच्या पोळ्या. सृष्टीसाठी!

दारातच सांगून टाकलं. मुलगी नाही. कधीच नव्हती. सोमवारही कधी धरले नाहीत.

ती म्हणाली, "मी आईला फोन करून सांगितलं होतं. अक्कांना झाली, आता मलाबी होणार."

तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला.

"लाज नाही वाटली तुमाला?"

"वाटते."

"पाणी द्या."

दिलं. उभ्या उभ्या तांब्या संपवला, आणखी मागितलं. प्याली आणि जिना उतरून गेली. डबा इथंच राहिला.

आता साऱ्या पेठेत बोभाटा होणार. होऊ दे. माझ्या तोंडाला काळं लागायचं ते मीच लावून घेतलंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बेल. अपेक्षा! डबा न्यायला आली असेल म्हणून घासलेला डबा पुढं केला. तिनं घेतलाच नाही. चपला काढल्या, सतरंजीवर बसली आणि डायपरचं पाकीट पुढं ओढलं. "दाखवा, कसं गुंडाळायचं."

"अगं, घरी काय सांगून आलीस?"

"रोज सृष्टीची शिकवणी घ्यायला जाते म्हणून. गणितात लई कच्ची हाय म्हटलं."