रबराची कपाळे

रविवार, १५ नोव्हेंबर १९८७, रत्नागिरी

रुबिनाकडचा व्हीसीआर आज दुरुस्त केला. दमट हवेने कॅसेटला बुरशी धरते आणि ती आतल्या, टेप वाचणाऱ्या हेडवर बसते, एवढेच होते. स्पिरिटने हेड पुसले आणि तिच्या भावाने कुवेतहून पाठवलेली अंतराळातली मालिका लावून पाहिली. त्यात परग्रहावरची एक जमात आहे. कपाळावर उंचवटे, सगळे क्रूर, सगळे दगाबाज. एकही बरा नाही. चित्र तपासायला मी पॉज केले, तर एका नटाच्या कानाखाली रबरी मुखवट्याचा जोड स्पष्ट दिसला. तो सगळ्यांना दाखवला.

माझ्यासोबत आलेला दादा हसत म्हणाला, "काय गो रुबिना, हे तुमच्यातले काय?"

"आमच्यातले असते तर जेवल्याशिवाय सोडले नसते तुम्हाला," रुबिना म्हणाली. तीही हसली. तिची आई मात्र उठून आत गेली.

मालिका करणाऱ्यांनी त्यांच्या देशाचा शत्रू रंगवला असणार. वर्तमानपत्रात ज्याच्याशी भांडण, त्याच्या कपाळाला रबर. दादाला त्यात आपलेच शेजारी दिसले. आणि मी? मी रबराचा जोड दाखवत राहिले, चित्र स्थिर करायच्या ट्रॅकिंगबद्दल बोलले. दादाला "गप बस" म्हणायला किती वेळ लागला असता? दोन सेकंद. घाबरले होते का? नाही. उगाच वाद नको, एवढेच. हे जास्त वाईट.

शाळेत होतो तेव्हापासून रुबिना मला तिच्या घरून नाक्यापर्यंत सोडायला येते. आज उंबऱ्यातच थांबली.

"दादा आहे ना सोबत," म्हणाली. "जा तू."