चंदनाच्या पोटातली रेघ

सागर, बुधवार

तीर्थरूप मामांना वेंकप्पाचा सागरहून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि सुपारीची बाग यांची खुशाली कळवावी (तिन्ही एकाच वाक्यात विचारल्या, राग नसावा).

'पोराचे लिखाण स्वच्छ आहे' अशी हमी देऊन तुम्ही मला तिम्मप्पण्णांच्या कारखान्यात कोरीवकामाला लावलेत. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. परवा मात्र तिम्मप्पण्णा मलाच विसरायच्या बेतात होते.

येथल्या नागवेणी टीचर शाळेतून निवृत्त होत आहेत. गावाने त्यांच्यासाठी श्रीगंधाची (आपल्याकडे चंदनाला हेही नाव) पेटी सांगितली. झाकणावर कोरायचे होते : 'चंदन झिजले, गंध उरला.' आपल्या कन्नडात 'द'च्या पोटाखाली एक रेघ दिली की 'ध' होतो, हे तुम्हीच शिकवलेले. 'गंध' आधी कोरला, रेघ दिली. मग मी विचार केला (तेथेच चुकले) : लाकूड एक, वास एक, तर अक्षरे दोन कशी? म्हणून चंदनाच्या 'द'लाही रेघ दिली. झाले 'चंधन'! कागदावर खोडता येते. छिन्नीने काढलेले लाकूड परत बसत नाही.

तिम्मप्पण्णा ओरडले, "अरे शहाण्या, दिवसभर चंदनात बसतोस आणि तुला त्याचा गंधही नाही! उद्या घरी जायला सोरबची बस धर!"

नेमक्या तेव्हाच टीचर समारंभाचे आमंत्रण घेऊन दारात. त्यांनी चष्मा लावून झाकण वाचले. "हे कुणी केलं?" मी हात वर केला (सवयीने उभाही राहिलो).

"चंदन म्हणजे सुखावणारं. चंद्र त्याचा सख्खा भाऊ. गंध म्हणजे नुसता वास, आपण ते नाव लाकडालाच चिकटवलं. घराणी वेगळी, अक्षरं वेगळी. कळलं का रे?"

"कळलं, टीचर."

तिम्मप्पण्णा म्हणाले, "दुसरं झाकण करून देतो, टीचर."

"नको. चौतीस वर्षं असल्या चुकांवर लाल शाई ओतली, एक तरी घरी नेते. आणि याला काढू नका, तिम्मप्पा. विचार करून चुकणारी पोरं मला वर्गात फार थोडी मिळाली."

मामा, डोळे भरून आले (भुसा गेला नव्हता). काम टिकले. टीचरांचे आणि तुमचे ऋण मोठे आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
वेंकप्पा

ता. क. : तुमच्या चंदनाक्काच्या लग्नासाठी मी गेल्या महिन्यात पाठवलेली पेटी उघडली नसेल, तर तशीच परत पाठवावी. झाकणावर तिचे नाव आहे (तेव्हाही मी असाच विचार केला होता).

आणखी ता. क. : उघडली असेल, तर पंचाईत आहे : नवरदेव कन्नडचे मास्तर आहेत असे आई म्हणते. तिने ऐकण्यात चूक केली असावी, अशी आशा आहे.